सहलीला निघताना : मागे कोण राहिले, मागे काय उरले?



नाताळचा सण आटोपला आणि थंडी थोडी ओसरू लागली की आपल्याकडे सहलींचे वेध लागतात. युवक-युवतींची सहल, महिला मंडळाची सहल, धर्मशिक्षणाच्या मुलांची सहल आणि वाडीवाडीतील समूहांच्या सहली. कुणी समुद्रावर जाते, कुणी तुंगारेश्वरच्या जंगलात, तर कुणी किल्ला पाहायला. वर्षभर नोकरी, गाडीची गर्दी आणि घरची कामे यांत अडकलेल्या माणसाला एक दिवस मोकळी हवा मिळावी, हे योग्यच आहे. सृष्टी परमेश्वराने निर्माण केली आणि ती चांगली आहे असे पाहिले, असे आपण पवित्र शास्त्रात वाचतो. त्या चांगल्या गोष्टीचा आनंद घेणे हीसुद्धा एक प्रकारची उपकारस्तुती आहे.

परंतु हा आनंद आपण कसा घेतो आणि कुणाला बरोबर घेऊन घेतो, याचा विचार आपण क्वचितच करतो. आम्हीही केला नव्हता. तो विचार आम्हांला का करावा लागला, ते आधी सांगतो.

एका सहलीची गोष्ट

मागच्या वर्षी आमच्या समूहाची सहल जवळच्याच एका समुद्रकिनारी गेली होती. बस भरून माणसे होती. त्यांत व्हीलचेअर वापरणारे एक काकाही होते. चौघांनी धरून त्यांना बसमध्ये चढवले, तेव्हा सर्वांनी टाळ्या वाजवल्या. बस सुरूच्या झाडांपाशी थांबली. पुढे कोरडी, भुसभुशीत वाळू. खुर्ची दोन हात पुढे गेली आणि चाके रुतली. काका म्हणाले, “तुम्ही जा. मी इथेच बसतो. गाडीकडे लक्ष ठेवतो.” खरे सांगायचे तर आम्हांला सुटल्यासारखे वाटले. आम्ही त्यांना पुन्हा बसमध्ये बसवले, पाण्याची बाटली दिली आणि निघालो.

दिवस मजेत गेला. खेळ झाले, गाणी झाली, जेवण झाले. काकांचे ताट एका मुलाच्या हाती पाठवून दिले. जेवणासाठी आम्ही चंदेरी मुलामा असलेल्या कागदी पत्रावळी आणि पाण्याच्या छोट्या बाटल्या नेल्या होत्या. किनाऱ्यावर कचऱ्याचा एकच डबा होता आणि तो आम्ही पोचण्यापूर्वीच भरलेला होता. आम्ही आमचे उष्टे डब्याशेजारी नीट रचून ठेवले आणि आपले कर्तव्य झाले असे समजलो. दुपारी वारा सुटला. कुत्री आली. त्यानंतर काय झाले ते आम्ही पाहिले नाही, कारण आम्ही पाण्यात होतो.

संध्याकाळी परत आलो तर बसच्या चाकांखाली, सुरूच्या मुळांत, कुंपणाच्या तारेत सगळीकडे आमच्याच पत्रावळी. काका खिडकीशी बसले होते. हसत म्हणाले, “तुम्हांला दिवसभरात माझ्याकडे यायला जमले नाही, पण तुमच्या पत्रावळी एकेक करून सगळ्या भेटून गेल्या.”

आम्हीही हसलो. पण परतीच्या वाटेवर बसमध्ये गाणी काही रंगली नाहीत.

दोन प्रश्न, एकच चूक

त्या रात्री आमच्यापुढे दोन प्रश्न उभे राहिले. मागे कोण राहिले? आणि मागे काय उरले? वरवर पाहता हे दोन निराळे विषय वाटतात. एक अपंग बांधवांचा आणि दुसरा स्वच्छतेचा. आम्ही मात्र या निष्कर्षाला आलो की चूक एकच होती. तो किनारा त्या दिवसापुरता फक्त आमचा आहे, असे आम्ही धरून चाललो. म्हणून आमच्याइतके जलद चालू न शकणारा माणूस आमच्या लक्षात राहिला नाही आणि आमच्यानंतर तेथे येणारी माणसेही राहिली नाहीत. तेथेच राहणारे जीव तर आमच्या ध्यानीमनीही नव्हते.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ हे परिपत्रक प्रसिद्ध केले. पृथ्वीचे रडणे आणि गोरगरिबांचे रडणे हे वेगवेगळे ऐकता येत नाही, असे त्यांनी त्यात समजावून सांगितले आहे. आम्हांला हे वाक्य मोठ्या प्रश्नांविषयीचे वाटत असे. ते आमच्या एका दिवसाच्या सहलीलाही लागू पडते, हे त्या दिवशी कळले.

शुभवर्तमानातील दोन प्रसंग आठवून पाहू या. पहिला, पाच हजारांच्या भोजनाचा. तेही उघड्यावरचे जेवण होते. गवतावर लोक बसले होते. सगळे पोटभर जेवल्यावर प्रभू येशूने शिष्यांना उरलेले तुकडे गोळा करायला सांगितले आणि बारा टोपल्या भरल्या, असे संत योहान सांगतो. चमत्कार आपल्याला आठवतो. त्यानंतरची आवराआवर आठवत नाही. दुसरा प्रसंग संत मार्कच्या दुसऱ्या अध्यायातील. एका पक्षाघाती माणसाला चौघेजण उचलून आणतात. गर्दीमुळे वाट मिळत नाही, तेव्हा ते छप्पर उघडून त्याला खाली सोडतात. ‘तू बाहेरच थांब, आम्ही आत जाऊन येतो’ असे ते म्हणाले नाहीत.

तेथे आधीपासून कोणी तरी राहते

समुद्रकिनारा आपल्याला रिकामा वाटतो, पण तो रिकामा नसतो. वाळूत जी लहान लहान भोके दिसतात ती खेकड्यांची बिळे असतात. वाळूवरून मोटारसायकल किंवा जीप पळवली की ती बिळे दबतात. आपल्या कोकण किनाऱ्यावर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवे अंडी घालायला येतात. मादी रात्री वाळूत खड्डा करून साधारण शंभर अंडी घालते, खड्डा बुजवते आणि समुद्रात परत जाते. सुमारे पन्नास दिवसांनी पिल्ले बाहेर येतात आणि समुद्रावरच्या उजेडाच्या दिशेने चालू लागतात. किनाऱ्यावर मोठे दिवे असले तर ती उलट दिशेला भरकटतात. आपण टाकलेल्या उष्ट्यावर जी कुत्री पोसली जातात, तीच कुत्री ही अंडी उकरून खातात. म्हणजे उरलेली बिर्याणी ‘मुक्या प्राण्यांना घातली’ असे म्हणून आपण पुण्य केले असे समजतो, ते नेहमीच पुण्य असते असे नाही.

याची चांगली बाजूही आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यात वेळास नावाचे गाव आहे. तेथे चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र संस्थेने २००२ पासून गावकऱ्यांच्या साहाय्याने कासवांच्या अंड्यांचे रक्षण सुरू केले. आज पिल्ले समुद्रात सोडताना पाहायला लांबून लोक येतात, दोरीच्या अलीकडे शांतपणे उभे राहतात आणि गावकऱ्यांच्या घरी जेवतात, राहतात. पाहुण्यांना आनंद, गावाला चार पैसे आणि कासवाला जीवदान. पाहुण्याने पाहुण्यासारखे वागले की सर्वांचेच भले होते.

जंगलाचेही तसेच आहे. आपल्या शेजारचे तुंगारेश्वर हे २००३ साली अभयारण्य म्हणून जाहीर झाले. त्याचे क्षेत्र सुमारे ८५ चौरस किलोमीटर आहे. अभयारण्यात कचरा टाकणे, प्राण्यांना त्रास देणे आणि आग लावणे यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मनाई आहे. तीन दगड मांडून चूल पेटवण्याची हौस आपल्याला असते, पण उन्हाळ्यात वाळलेल्या पाल्याला एक ठिणगी पुरते. माकडांना वेफर आणि केळी दिल्याने ती धीट होतात. मग पुढच्या सहलीतील लहान मुलाच्या हातून ती पिशवी ओढतात आणि दोष माकडांना लागतो.

आणि तेथे माणसेही राहतात. जंगलाच्या कडेला आदिवासी बांधवांचे पाडे आहेत. किनाऱ्यावर कोळी बांधव बांबू बांधून त्यावर बोंबील वाळत घालतात. आपण त्यांच्या दारात गाडी लावतो, मोठ्याने गाणी लावतो, जाळ्यांवरून चालत जातो. आपल्या वाडीत कोणी अशी सहल आणली तर आपल्याला चालेल का? निघण्यापूर्वी त्यांना विचारणे, त्यांच्याकडूनच जेवण किंवा भाजी-मासळी विकत घेणे, निदान जाताना ‘येतो’ म्हणणे, एवढे तर आपल्याला जमायला हवे.

पाण्याशी धाडस नको

येथे एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागील धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. तेही सुटीच्या दिवशी आनंद घ्यायला आले होते. वर डोंगरात पाऊस वाढला की खाली पाणी काही क्षणांत चढते. पळायला वेळ मिळत नाही. आपल्याकडे चिंचोटीच्या धबधब्यावरही पावसाळ्यात अनेक तरुणांचे जीव गेले आहेत. प्रवेशबंदीची पाटी असेल तर तिच्यामागे कुणाचा तरी मृत्यू आहे असे समजावे. आणि बुडणाऱ्याला शोधायला जे पाण्यात उतरतात, ते बहुधा तेथलेच गावकरी आणि कोळी बांधव असतात. आपल्या धाडसापायी त्यांचाही जीव टांगणीला लागतो.

सर्वांना बरोबर न्यायचे म्हणजे काय करायचे?

२०११ च्या जनगणनेत आपल्या देशात सुमारे २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने २१ प्रकारच्या अपंगत्वाला मान्यता दिली आणि करमणुकीत व सांस्कृतिक जीवनात सहभागी होणे हा त्यांचा हक्क असल्याचे सांगितले. शाळा, नोकरी, दवाखाना यांविषयी आपण बोलतो. समुद्र पाहणे हासुद्धा हक्क आहे, हे आपल्या ध्यानात येत नाही.

चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर नोव्हेंबर २०२२ मध्ये व्हीलचेअरसाठी लाकडी वाट खुली झाली. रस्त्यापासून थेट पाण्याच्या जवळपर्यंत ही वाट जाते. पंधरवड्याच्या आतच मांडूस चक्रीवादळात तिची मोडतोड झाली. ‘वाळूत असले काही टिकायचे नाही’ असे म्हणून ती सोडून दिली नाही. ती पुन्हा दुरुस्त केली गेली. सरकारने आपल्या किनाऱ्यांवरही अशी सोय करावी, ही मागणी आपण केलीच पाहिजे. पण तोवर आपल्या हातात काय आहे? पुष्कळ काही आहे.

पहिली गोष्ट, दिवस आणि वेळ. आपल्या किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी जी ओली वाळू उघडी पडते ती बहुतेक ठिकाणी घट्ट असते आणि तिच्यावर व्हीलचेअर बऱ्यापैकी चालते. अडचण असते ती वरच्या कोरड्या वाळूची. म्हणून सहल ओहोटी पाहून ठरवावी. आपले जुने लोक भरतीची वेळ तिथीवरून काढत असत. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला सहाच्या सुमारास. भरतीच्या साधारण सहा तास आधी आणि सहा तास नंतर ओहोटी. म्हणजे षष्ठीला साडेचारच्या आसपास भरती आणि सकाळी साडेदहाच्या आसपास ओहोटी. तिथी भिंतीवरच्या दिनदर्शिकेत असतेच. हा हिशेब ढोबळ आहे, म्हणून नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यातून किंवा तेथल्या कोळी बांधवांना विचारून घ्यावी.

दुसरी गोष्ट, वाट. कोरड्या वाळूवर मांडवाच्या फळ्या टाकाव्यात. सहा-सात फळ्या पुरतात. मागची उचलून पुढे टाकत जायचे. फळ्या नसतील तर खुर्ची उलटी करून, म्हणजे मोठी चाके पुढे ठेवून ओढावी. लहान चाके पुढे असली की ती रुततात. पायरीवर उतार करायचा असेल तर एक फूट उंचीला बारा फूट लांबी धरावी, नाही तर तो उतार न राहता घसरगुंडी होते.

तिसरी गोष्ट, विचारणे. उचलण्यापूर्वी ‘कुठे धरू?’ असे त्या व्यक्तीलाच विचारावे. तिच्या सोबत्याला विचारू नये. अंध बांधवाचा हात ओढू नये. आपला कोपर त्याला धरू द्यावा आणि पुढे काय आहे ते सांगत जावे. समुद्राचा आवाज, सुरूच्या सालीचा खरखरीत स्पर्श, ओल्या मातीचा वास यांतूनही निसर्ग भेटतो. ज्याला ऐकू येत नाही त्याला खेळाचे नियम आधी लिहून किंवा खुणांनी समजावून द्यावेत.

चौथी गोष्ट, ज्याविषयी कोणी बोलत नाही ती. आपल्या कितीतरी भगिनी आणि वयस्कर माणसे सहलीला येत नाहीत, त्याचे कारण आवड नसणे हे नसते. तेथे शौचालय नसते. जागा ठरवताना हा प्रश्न शेवटी न विचारता पहिला विचारावा. आणि वर्गणी? चौघा-पाचांचे कुटुंब असलेल्या घराला ती जड जाते. त्यांना नाव पुकारून सवलत देऊ नये. ज्याला जमेल त्याने जास्त द्यावे, एवढे पाकिटातून करता येते.

यंदा आम्ही काय केले

यंदा आम्ही त्याच किनारी पुन्हा गेलो. आधी काकांना विचारले. ते म्हणाले, “पुन्हा बसची राखण करायला येणार नाही हां.” आम्ही षष्ठीच्या आसपासचा सुटीचा दिवस धरला. मांडववाल्याकडून फळ्या आणल्या. ताटे, पेले घरूनच स्टीलचे नेले आणि पाण्याचे दोन मोठे कॅन भरून घेतले. एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या ताट-पेल्यांवर महाराष्ट्रात २०१८ पासून आणि देशभर १ जुलै २०२२ पासून बंदी आहेच. पण कायद्यापेक्षा काकांच्या त्या वाक्याचा धाक आम्हांला अधिक होता.

फळ्या टाकत टाकत ओल्या वाळूपर्यंत जायला वीस मिनिटे लागली. दोनदा चाक घसरले. मुलांनी फळ्या पुढे नेण्याचा खेळच करून टाकला. लाट काकांच्या पायांवर आली, तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “पाणी गार आहे रे.” घरी आल्यावर खुर्ची गोड्या पाण्याने धुऊन चाकांना तेल घातले, कारण खारे पाणी लोखंडाला खाते.

सगळे जमले असे मात्र नाही. एक वयस्कर काकू शौचालय जवळ नाही म्हणून घरीच राहिल्या. ती जागा बदलायला हवी होती, ती आम्ही बदलली नाही. कमी ऐकू येणारी एक मुलगी अर्धा खेळ नुसतीच बघत उभी होती, हे आमच्या उशिरा लक्षात आले. आणि निघताना वाळूत बाटलीची दोन झाकणे सापडलीच. ती आमचीच होती. परत येताना बसमध्ये कचऱ्याची दोन पोती होती. एक आमचे, दुसरे आधी येऊन गेलेल्यांचे. ते उचलताना एक तरुण कुरकुरला, “हे आपण का उचलायचे?” काका म्हणाले, “मागच्या वर्षी आपले कोणी तरी उचलले असेल ना?”

बंधू-भगिनींनो, उत्पत्तीच्या पुस्तकात परमेश्वर मनुष्याला बागेत ठेवतो ते तिची मशागत आणि राखण करायला. राखणदार बागेत फिरतो, फळे खातो, सावलीत बसतो. पण फाटक स्वतःपुरते उघडून बंद करत नाही. आपल्या पुढच्या सहलीत मागे राहणाऱ्याला बरोबर घेऊ या आणि मागून येणाऱ्यासाठी जागा जशी होती तशी, किंबहुना थोडी बरी, ठेवू या.

समूहात चर्चा करण्यासाठी प्रश्न

१. आपल्या समूहातील कोण कोण कधीच सहलीला येत नाही? त्यांना कारण कोणी विचारले आहे का?

२. मागील सहलीत आपण बरोबर काय नेले आणि त्यातले तेथे काय टाकून आलो?

३. आपण जेथे जातो तेथे राहणाऱ्या लोकांशी आपण कधी बोललो आहोत का?

४. पुढील सहलीसाठी जागा, दिवस आणि वेळ ठरवताना आपण कोणत्या एका व्यक्तीला आधी विचारणार आहोत?